कॉफी झालीय म्हणावं

शाळेतून फोन आला तेव्हा विनुता चिंच कोळत होती. चिंच कोळताना आलेला फोन कधीच चांगला नसतो, असं तिचं जुनं निरीक्षण होतं. हात मनगटापर्यंत बरबटलेले, फोन गाल आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, आणि पलीकडून साईप्रिया मिस. साईप्रिया मिस म्हणजे तिच्या लेकीची, शांभवीची, यूकेजीची वर्गशिक्षिका.

"मॅडम, शांभवी स्पीक्स व्हेरी वेल," मिस म्हणाली.

विनुताचा जीव भांड्यात पडला. एक श्वास घेईपर्यंत तो तिथेच होता.

"बट शी डझन्ट टॉक, मॅडम."

"म्हणजे?"

"शी टेल्स अँड टेल्स अँड टेल्स. बट शी सेज नथिंग."

मग मिसने जे पुढे सांगितलं ते असं: प्रिन्सिपल मॅडमनी शुक्रवारी बोलावलंय. मुलीला पहिलीत घालायचं की आणखी एक वर्ष यूकेजीतच बसवायचं, ते तिथे ठरेल. येताना घरातलं कुणी मोठं माणूसही आणा.

विनुता कुंभकोणमची. बी.कॉम., फर्स्ट क्लास, इंग्रजी माध्यम. ताळेबंद ती झोपेत जुळवेल. पण एकाच दमात चार क्रियापदं, आणि चारही आपल्या पोटच्या पोरीवर आरोपासारखी, असा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. मुलगी बोलते पण बोलत नाही. सांगते, सांगते, सांगते, पण म्हणत काहीच नाही. हा आजार आहे, की हट्ट, की तंजावूरच्या पाण्याचा गुण?

तिने हात धुतले आणि पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं. पाच वर्षांची शांभवी झोपाळ्यावर उलटी लटकली होती.

"काय गे, शाळेत बोलत नाहीस?"

"बोलते की, अम्मा."

"काय बोलतेस?"

शांभवीने विचार केला. "सगळे सांगतात तें."

यातून काही निष्पन्न होईना. शिवाय मामंजींच्या कॉफीची वेळ झाली होती. विनुता स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली. "शांभवी, कॉफी झालीय म्हणावं."

शांभवी सरळ झाली आणि तीन हातांवर आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांकडे वळली. "ताता, कॉफी झालीय म्हणतेय अम्मा."

"संध्या व्हायची आहे म्हणावं," रंगराव म्हणाले.

"अम्मा, संध्या व्हायची आहे म्हणतायत ताता."

इथे वाचकांचा गैरसमज नको. सासऱ्या-सुनेत भांडण नव्हतं. रंगराव कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले, मुंगीलाही बाजूला होऊन वाट देणारे गृहस्थ. पण या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. ही मर्यादा होती. मराठे राजे इकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर जी घराणी आली त्यांच्याकडे पालख्या होत्या, जमिनी होत्या, पोथ्या होत्या. पालख्या गेल्या, जमिनी गेल्या, पोथ्या वाचणारे गेले. ही मर्यादा तेवढी कुणाला विकत घ्यावीशी वाटली नाही, म्हणून ती घरात राहिली. लग्न झाल्यावर विनुताचे निरोप नवरा नेई. नवरा, म्हणजे कार्तिकेय, बँकेत गेला की ती हॉलमधल्या खांबाला सांगे, "पाणी तापलंय म्हणावं," आणि रंगराव खांबाकडे पाहून "बरें" म्हणत. शांभवीला वाचा फुटली त्या दिवशी खांब निवृत्त झाला.

हे इतकं अंगवळणी पडलेलं, की शाळेच्या फोनशी त्याचा काही संबंध असेल असं घरातल्या कुणाच्या मनातही आलं नाही. विनुताच्या तर नाहीच. ती विचार करत होती स्पीक आणि टॉकचा.

संध्याकाळी कार्तिकेय आला. त्याने मोबाइलवर शोधलं, खाली-वर केलं आणि निकाल दिला.

"सगळं एकच गे. बोलणं म्हणजे बोलणं."

"मग चार शब्द कशाला केले त्यांनी?"

"त्यांच्याकडे वेळ होता," कार्तिकेय म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी परसातल्या भिंतीवरून शेजारच्या राजम मामींना कळलं. विनुताने सांगितलं नव्हतं. पण मामींना कळायला सांगावं लागत नाही.

"मूल बोलत नाही?" मामींनी तमिळमध्ये गळा काढला. "अय्यो! वेखंड लाव. दिव्यावर जाळ, मधात उगाळ, जिभेला लाव. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा सहा वर्षं मुका होता. आता वकील आहे."

"मामी, ती बोलते. टॉक करत नाही, एवढंच."

"मग जरा जास्त लाव."

शिकलेल्या बाईने अशा गोष्टींवर विश्वास ठेवू नये, हे विनुताला मान्य होतं. पण शुक्रवार जवळ येत होता, आणि वेखंड घरात होतं. तिने ते जाळलं, उगाळलं, वाटीत घातलं आणि शांभवीच्या हातात दिलं. "हें चाटून टाक." तेवढ्यात दूध उतू गेलं. ती परत आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि शांभवीचं तोंड स्वच्छ होतं.

"अम्मा, ताता म्हणतायत, कडू आहे."

सुनेने पाठवलेलं औषध नाकारायचं नाही, ही मर्यादेची दुसरी बाजू. रंगरावांनी वाटी बोटाने पुसून खाल्ली होती. दुपारभर ते मोरीपाशी उभे होते. तिन्हीसांजेला निरोप आला: औषध उत्तम होतं म्हणावं, पण पुन्हा नको म्हणावं.

विनुताने वैद्यकीचा नाद सोडला आणि विद्येकडे वळली. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत बाळकृष्णराव राहत. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. अलीकडे लोक त्यांच्याकडे फक्त नळखात्याला तक्रार लिहून घ्यायला येत. विनुताने स्पीक आणि टॉकमधला फरक विचारला तेव्हा त्यांनी आधी डोळे मिटले, मग चष्मा पुसला, आणि मग पत्नीला आत हाक मारून सांगितलं, की आज पूजेला उशीर होईल.

"ऐक पोरी. स्पीक म्हणजे सभेतलें. उभें राहून. टॉक म्हणजे ओट्यावरचें. बसून, पाय हलवीत, दोघांनीं. से म्हणजे शब्द तोंडातून बाहेर पडला, बस्स, कोणाला लागला कीं नाहीं त्याची पर्वा नाहीं. आणि टेल? टेलला समोर माणूस पाहिजे. पत्त्याशिवाय टपाल जात नाहीं, तसें माणसाशिवाय टेल होत नाहीं."

"मग आपल्यातही आहे की हें, सर. बोलणं, गप्पा मारणं, म्हणणं, सांगणं."

बाळकृष्णरावांचा चेहरा पडला. एवढं आयुष्य ज्यात घालवलं ते स्वयंपाकघरात आधीच होतं, हे कुणालाही जड जाईल. "इतकें सोपें नाहीं," ते म्हणाले. "प्रार्थना से करतात. खोटें मात्र टेल करतात. तिथें से चालत नाहीं."

"देवापुढे से, आणि खोटं टेल?"

"होय."

"असं का, सर?"

"तें इंग्रजांना विचारायला हवें होतें. ते गेले," बाळकृष्णराव म्हणाले.

विनुताचं काम इथे संपलं होतं. पण बाळकृष्णरावांचं आत्ताच सुरू झालं होतं. त्यांचं मत पडलं, की शांभवीला टॉकचा सराव हवा. टॉकला मुलं हवीत. मुलांना ओटा हवा. आणि विनुताच्या घराचा ओटा ऐसपैस आहे. त्याच संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर जमली. राजम मामींच्या चार नाती पुढच्या रांगेत होत्या. मामी स्वतः मुरुक्कूच्या, म्हणजे इकडच्या चकल्यांच्या, डब्याशेजारी बसल्या, कारण इंग्रजी त्यांना डब्याजवळून चांगलं ऐकू येई.

बाळकृष्णराव उभे राहिले आणि 'बसून कसं बोलावं' यावर दीड तास उभ्याने बोलले. मुलांनी मुरुक्कू संपवले आणि झोपाळ्यावरून भांडण काढलं. मामींच्या दोन नातींनी एकमेकींशी कट्टी घेतली. मग दोघींच्या मधोमध शांभवी.

"ती म्हणतेय, तिचा हात सोड."

"तिला सांग, आधी तिनं ओढलं."

"ती म्हणतेय, आधी तू ओढलंस."

"तिला सांग, ती माकड आहे."

"ती म्हणतेय," शांभवी क्षणभर थांबली, "तू झोपाळ्यावर बस."

विनुता दारातून पाहत होती. सर स्पीक करत होते, पोरं टॉक करत होती, शांभवी टेल करत होती. 'आता पुरे' एवढं से करायला मात्र कुणी नव्हतं. मुरुक्कूचा डबा चाटून पुसून लख्ख झाला तेव्हा वर्ग आपोआप सुटला.

जाताना बाळकृष्णराव विनुताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करूं नकोस. टेलमध्यें ही एम.ए. झालेली आहे. सेमध्यें अजून नांव घातलेलें नाहीं."

एवढ्यावर भागलं असतं. पण शुक्रवारची वेळ विचारायला तिने शाळेत फोन केला, आणि फोन ऑफिसातल्या क्लार्कने घेतला. तो म्हणाला, वेळ सांगतो, पण येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल.

"कसलं सर्टिफिकेट?"

"मूल बोलतं असं."

म्हणून गुरुवारी सकाळी विनुता शांभवीला घेऊन दवाखान्यात. पहिल्या खोलीतल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, कान उत्तम आहेत म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत पाठवलं. दुसऱ्या खोलीतल्या बाईंनी विचारलं, "मूल बोलत नाही?"

"बोलतं."

"मग इथे का आणलंत? इथे न बोलणाऱ्यांना सर्टिफिकेट मिळतं."

"बोलणाऱ्यांना कुठे मिळतं?"

"त्यांना लागत नाही."

"शाळेला लागतंय."

"मग शाळेतून लिहून आणा, की लागतंय."

बी.कॉम. झालेल्या माणसाला हा व्यवहार कसा दिसतो ते दुसऱ्या बी.कॉम.लाच कळेल. विनुता तावातावाने बाहेर आली. शांभवी बाकावर होती. तिच्या एका बाजूला खेड्यावरून आलेले एक म्हातारे शेतकरी, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको. बसमध्ये खिडकीच्या जागेवरून दोघांचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. शांभवीने तमिळमध्ये टपाल सुरू केलेलं होतं.

"पाट्टी म्हणतेय, पाण्याची बाटली तुमच्या पिशवीत आहे."

"हवी तर मागून घे म्हणावं तिला."

"पाट्टी, ते म्हणतायत, पाणी पी, ऊन आहे."

म्हातारीने नवऱ्याकडे चमकून पाहिलं आणि पदर सावरला. दारावरचा शिपाई विनुताला म्हणाला, "अम्मा, हिला इथेच ठेवून जा. टोकन पुकारायला माणूस नाही."

सर्टिफिकेट मिळालं नाही ते नाहीच. विनुताने मात्र रात्रीची झोप त्या न मिळालेल्या कागदावर घालवली.

शुक्रवारी कार्तिकेयच्या बँकेत ऑडिट निघालं. म्हणजे घरातलं मोठं माणूस रंगराव. ते इस्त्रीचं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि जरीकाठी उपरणं घालून तयार झाले. शाळेत नाही, दरबारात निघाल्यासारखे. रिक्षात एका कडेला रंगराव, दुसऱ्या कडेला विनुता, मध्ये शांभवी. डावीकडे वळायचं होतं ते विनुताला माहीत होतं. तिने शांभवीला सांगितलं, शांभवीने आजोबांना, आजोबांनी रिक्षावाल्याला. तोवर वळण मागे पडून कालवा आला होता. रंगरावांनी कालव्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पाणी बरं सोडलंय म्हणावं, असा निरोप पाठवला.

प्रिन्सिपल मॅडम जवळच्याच ओरत्तनाडु गावाकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सर्टिफिकेट मागितलंच नाही. त्यांना असलं काही लागतं हे त्यांना ठाऊकही नव्हतं. त्या शांभवीकडे वाकल्या. साईप्रिया मिस कोपऱ्यात उभी होती. तंजावूरची मराठी दोघींनाही समजत असे.

"शांभवी, व्हॉट डू यू लाइक?"

शांभवी आजोबांकडे वळली. "ताता, काय आवडतं विचारतायत मॅडम."

रंगराव कालव्यांच्या खात्यात जन्मभर इंग्रजीतच टिपणं लिहीत आलेले. पण निरोप आला तसाच परत जायला हवा. "चित्रें काढायला आवडतात म्हणावं."

"मॅडम, ड्रॉइंग, सेज ताता."

प्रिन्सिपल मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"वर्गातही हेच, मॅडम," साईप्रिया मिस म्हणाली. "कुणाला पाणी हवं, कुणाला बाथरूमला जायचंय, सगळे हिच्याकडून सांगतात. हिला स्वतःला काय हवं ते आजवर मला कळलेलं नाही. परवा ताप होता, तेही दुसऱ्या मुलीने सांगितलं."

परवा ताप होता! विनुताने पटकन शांभवीच्या कपाळाला हात लावून पाहिला. घरी तर कुणी काही म्हणालं नव्हतं.

प्रिन्सिपल मॅडम तिच्याकडे वळल्या. "घरी कशी असते? घरीही असंच?"

छे, घरी अखंड बडबड करते, असं विनुताला ठणकावून सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. आणि तोंडातून बाहेर पडलं ते हे:

"शांभवी, मामंजींना विचार, घरी असं काही असतं का म्हणावं."

शांभवी लगेच आजोबांकडे वळली.

आपलंच वाक्य विनुताला परक्या बाईचं असावं तसं ऐकू आलं. चार क्रियापदं, वेखंड, दीड तासाचं व्याख्यान, डबाभर मुरुक्कू, दवाखान्याच्या दोन खोल्या. आणि जे शोधायचं होतं ते आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभं होतं.

"सासऱ्यांशी तुम्ही कधी बोलता, मिसेस कार्तिकेय?" प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे विचारलं.

"रोज, मॅडम."

"सरळ?"

विनुता शांभवीकडे वळता वळता थबकली.

"मुलीला वाटतंय, शब्द दुसऱ्यांचे असतात, आपण फक्त पोचवायचे. पहिलीत चाळीस मुलं आहेत. तिथे ताप आला तर कोण सांगेल?" त्यांनी पेन पुन्हा उचललं. "तिने कसं बोलायचं ते मी शिकवू शकत नाही. तुम्ही दाखवा. आत्ता. एक वाक्य."

विनुता उभी राहिली. सून उभी राहिली म्हणून रंगराव उभे राहिले. दोघं उभी राहिली म्हणून मिसही ताठ झाली. विनुताने वर पाहिलं. मामंजींच्या डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक झुबका आहे, हे तिने लग्नानंतर प्रथमच पाहिलं. काय बोलावं? आदराचं काहीतरी. तब्येत बरी आहे ना, असं. नमस्कार करते, असं. तिने गळा साफ केला.

"मामंजी, पहाटे तें नादस्वर जरा हळू लावा."

बाण सुटला. साईप्रिया मिसने तोंडावर हात ठेवला. रोज पहाटे रंगराव मोबाइल छोट्या स्पीकरला जोडून नादस्वर, म्हणजे इकडची लांबलचक सनई, लावत, आणि त्या आवाजाने फडताळातली पातेली एकमेकांवर वाजत. पण हे वाक्य पहिलं म्हणून निघावं?

रंगराव रागावले नाहीत. ते बुचकळ्यात पडले. "हळू? तुला आवडतें म्हणून तर मोठें लावतों."

"मला?"

"रोज निरोप येतो कीं. अम्मा म्हणतेय, अजून मोठें लावा."

"मी रोज सांगते, हळू करा म्हणावं!"

मग दोघांनी एकदमच खाली पाहिलं.

शांभवीने अम्माकडे पाहिलं, ताताकडे पाहिलं. निरोप द्यायला कुणी उरलं नव्हतं. तिने फ्रॉकचं टोक पिळलं.

"मला आवडतं," ती म्हणाली.

"व्हॉट?" प्रिन्सिपल मॅडम हळूच म्हणाल्या.

"आय लाइक इट. मोठं. तवील वाजतं ना, डुम डुम, तें पोटात वाजतं. हळू केलं तर पोटात येत नाही." आणि मग बांध फुटावा तशी ती सुटली, मराठीत, तमिळमध्ये, इंग्रजीत, जे हाताला लागेल त्यात. तिला चित्रं काढायला मुळीच आवडत नाहीत. तिला मागच्या बाकावर बसायचंय. ताप आला होता तेव्हा डोकं दुखत होतं, पण डोकं दुखतंय असं सांगायला कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आणि मिसचा हिरवा ड्रेस छान आहे, हा नाही.

साईप्रिया मिसने आपल्या ड्रेसकडे पाहिलं. प्रिन्सिपल मॅडमनी दोनदा "ओके, ओके" म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्या मुलीच्या डोक्यावरून विनुताला म्हणाल्या, "फर्स्ट स्टँडर्ड. आता कृपा करून हिला बाहेर न्या."

विनुताचे डोळे भरून आले. व्हरांड्यात येऊन तिने शांभवीला घट्ट धरलं. शांभवी त्या मिठीतूनही बोलतच होती, आणि मग सुटून मैदानावरच्या घसरगुंडीला काहीतरी सांगायला पळाली.

मागे दोघंच उरली. रंगरावांनी उपरणं नीट केलं. नवीन गावात आलेल्या माणसासारखे ते जरा अंदाज घेत म्हणाले, "सूनबाई, एक विचारूं?"

"विचारा की, मामंजी." विनुताला गलबलून आलं. इतक्या वर्षांची ही भिंत, आणि ती किती सहज पडली.

"रोज रात्रीं दोसाच कां असतो?"

"तुम्हाला आवडतो म्हणून. रोज निरोप येतो की तसा."

रंगरावांनी बराच वेळ चपलेत पाय घालण्यात घालवला.

"मला वाटायचें," ते शेवटी प्रांजळपणे म्हणाले, "तुला दुसरें कांहीं येत नाहीं."

सासऱ्या-सुनेचं बोलणं सुरू होऊन अजून पाव तासही झाला नव्हता. पूर्वजांनी ती मर्यादा नेमकी कशासाठी घातली असेल, ते विनुताला त्या व्हरांड्यात पहिल्यांदाच नीट समजलं.